नवा ब्रेकर बसवला की वीस दिवस गप्प, मग परत ट्रिप: होटगी रोडच्या एका बेकरीच्या पॅनलचं प्रकरण

सोलापुरात होटगी रोडच्या बाजूला एक बेकरी आहे, नाव सांगत नाही, पुढं दुकान आणि मागं भट्टीघर. खारी, टोस्ट, पाव रोजचे, आणि शनिवार-रविवारी केकचा मोठा माल. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालकांचा फोन आला, "मिस्त्री, आमचा भट्टीचा खटका पडतोय ओ, दोनदा बदलून झाला, आता मोठाच टाकून द्या, माल आणून ठेवलाय." मी म्हटलं मालक, टाकू नका, आधी मला बघू द्या. गेलो तर गल्ल्याशेजारी खरंच १०० अँपिअरचा एमसीसीबी, म्हणजे मोठा ब्रेकर, खोक्यात तयार होता.

आधी मांडणी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. महावितरणच्या थ्री फेज मीटरनंतर १०० अँपिअरचा मेन, त्याच्यानंतर मेन आणि डीजी (डिझेल जनरेटर) यांच्यात बदलायचा चेंजओव्हर स्विच, मग पॅनल. पॅनलमधून भट्टीघराला एक ६३ अँपिअरचा चार पोलचा (तीन फेज आणि न्यूट्रल) एमसीबी, हाच तो पडणारा खटका, सी कर्व्ह, आणि त्याच्यापासून मागच्या डीबीपर्यंत (डिस्ट्रिब्यूशन बोर्ड) १६ स्क्वेअर एमएमची अॅल्युमिनियमची चार कोअर आर्मर्ड केबल, एक्सएलपीई प्लास्टिकच्या इन्सुलेशनची. तिथं मागं एक आयसोलेटर, म्हणजे स्वतः न पडणारा नुसता हाताचा स्विच, आणि त्यावर दोन इलेक्ट्रिक ओव्हन, एक १२ किलोवॅटचा एक ९ चा, ३ एचपीचा मिक्सर, २ एचपीचं लाटायचं मशीन, प्रूफर (पीठ फुगवायचं कपाट), एक डिस्प्ले काउंटर आणि पंखे-दिवे. पॅनल दुकानाच्या पश्चिमेच्या भिंतीवर, वर पत्र्याची शेड. सोलापूरचा एप्रिल ज्याला माहीत आहे त्याला त्या भिंतीबद्दल वेगळं सांगायला नको, दुपारी हात टेकवत नाही.

मी पॅनल उघडायच्या आधी माणसांना विचारतो, ही माझी पद्धत आहे आणि ती मी सोडत नाही. मीटर काय सांगेल ते नंतर, पण कधी पडतो, काय चालू असताना पडतो आणि पडल्यावर तुम्ही काय करता हे तिथं आठ-दहा तास उभं राहणाऱ्या माणसालाच माहीत असतं. भट्टीवर एक वयस्कर मामा आहेत. त्यांनी मला जे सांगितलं त्यात जवळजवळ अर्धं निदान होतं. म्हणाले, सकाळी कधीच पडत नाही, शनिवार-रविवारी पडतो, चार-साडेचारला, दोन्ही भट्ट्या लावून दोन-अडीच तास झाले की. आणि पडला की लगेच वर केला तर राहत नाही, परत पडतो. "चहा पिऊन आलो की मग राहतो बघा."

हे चहाचं वाक्य महत्त्वाचं आहे. एमसीबीमध्ये ट्रिप करणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक कॉइल, म्हणजे मॅग्नेटिक भाग, शॉर्ट झाला की क्षणात सोडतो, सी कर्व्हला रेटिंगच्या ५ ते १० पट करंटला, म्हणजे ६३ च्या ब्रेकरला ३१५ ते ६३० अँपिअर. दुसरी बायमेटलची, म्हणजे दोन धातूंची, पट्टी, ती तापून वाकते आणि वाकत वाकत लॅच सोडते, तिला वेळ लागतो. कॉइलनं सोडला असेल तर ब्रेकर लगेच वर जातो, फॉल्ट तसाच असेल तर लगेच धाडकन पडतो. पट्टीनं सोडला असेल तर ती गार होईपर्यंत खटका नीट बसतच नाही. चहा प्यायला लागणारी पाच-दहा मिनिटं म्हणजे पट्टी गार व्हायचा वेळ. म्हणजे शॉर्ट नाही, मोटर स्टार्टचा झटका नाही, काहीतरी तापतंय. आता काय तापतंय तेवढंच शोधायचं राहिलं.

दुसरी गोष्ट मालकांनी सांगितली, तक्रार म्हणून सांगितली पण माझ्यासाठी तो पुरावा होता. पहिला ब्रेकर फेब्रुवारीत बदलला, वीस दिवस एकदम छान चालला. मग परत सुरू. दुसरा मार्चमध्ये बदलला, तो दहा-बारा दिवसांतच पडायला लागला. मालकांचं म्हणणं, हल्ली माल खराब येतो, कंपनीच बदलायला पाहिजे. मी त्यांना तिथंच विचारलं, ब्रेकर खराब असता तर पहिल्याच शनिवारी पडायला पाहिजे होता की नाही, वीस दिवस बरा राहून मग कसा बिघडला, आणि दोन वेगवेगळे ब्रेकर एकाच पद्धतीनं कसे बिघडले?

आता मोजणी. शनिवारी दुपारी अडीचला मुद्दाम गेलो, दोन्ही भट्ट्या लावायला सांगितल्या आणि सगळं चालू ठेवून क्लॅम्प मीटर लावला. तीन फेजचे अँपिअर असे, आर ४१, वाय ४९, बी ३८. न्यूट्रलवर अकरा-बाराच्या आत. मिक्सर सुरू होताना झटका येतो तोसुद्धा मीटरच्या इनरश मोडवर (सुरुवातीचा झटका पकडणारा) घेतला, तीस-चाळीस अँपिअर वर जातो आणि सेकंदात खाली येतो, ३१५ च्या जवळपासही नाही. म्हणजे ओव्हरलोड नाही. ६३ च्या ब्रेकरवर जास्तीत जास्त ४९. आमच्यातले बरेच जण इथंच थांबतात, करंट रेटिंगच्या आत आहे आणि तरी पडतोय म्हणजे ब्रेकर गेला, बदला. याच वाटेनं दोन ब्रेकर गेले होते.

इथं थोडं ब्रेकरच्या ६३ बद्दल सांगतो कारण लोकांना वाटतं ६४ झाले की पडतो. तसं नाही. घरगुती आणि तसल्या जागेच्या एमसीबीचं जे मानक आहे, आयएस/आयईसी ६०८९८, त्यात ६३ पर्यंतच्या ब्रेकरला १.१३ पट करंटला एक तास तरी पडायचं नाही आणि १.४५ पटीला तासाच्या आत पडायचंच, असं आहे. म्हणजे ७१ ला तासभर उभा राहिला पाहिजे आणि ९१ ला तासात पडला पाहिजे. पण हे सगळं आजूबाजूला ३० डिग्री धरून. पट्टीला ते करंट कळत नाही, तिला फक्त उष्णता कळते. ती उष्णता कुठून आली याच्याशी तिला देणंघेणं नाही. पॅनलच्या आत त्या दिवशी मी साधा थर्मामीटर टांगून बघितला, ४८ डिग्री. एवढ्या गरमीत ६३ चा ब्रेकर साधारण ५५ चा असल्यासारखा वागतो. त्यात दोन्ही बाजूला दुसरे लोड असलेले ब्रेकर चिकटून बसवलेले. पण तरीही ४९ ला पडायचं कारण नाही, ५५ धरला तरी जागा आहे. उरलेली उष्णता कुठून येते?

आयआर गन काढली, लांबूनच तापमान सांगणारी. एक गोष्ट इथं सांगायलाच पाहिजे, चकचकीत धातूवर गन मारली तर ती खोटं सांगते, खूप कमी दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभाग स्वतःची उष्णता कमी फेकतो आणि आजूबाजूचं परावर्तित करतो. म्हणून मी आदल्या दिवशी पॅनल बंद असतानाच तिन्ही फेजच्या आउटगोइंग टर्मिनलच्या शेजारी काळ्या पीव्हीसी टेपचा एकेक छोटा तुकडा चिकटवून ठेवला होता आणि त्या टेपवर गन मारली. चारला पाच मिनिटं कमी असताना आर ६१, बी ६०, वाय ९७.

९७. त्या केबलचं एक्सएलपीई कायमसाठी ९० डिग्रीपर्यंतचं.

मग शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात खरं बोलणारं माप, मिलीव्होल्टचं. लोड चालू असताना जोडाच्या दोन बाजूंमध्ये किती व्होल्टेज पडतं ते बघायचं, एक प्रोब केबलच्या उघड्या तारेवर आणि दुसरा ब्रेकरच्या टर्मिनलच्या धातूवर. हे चालू पॅनलवरचं काम आहे, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे, फेस शील्ड, पायाखाली मॅट, आणि प्रोबची टोकं सोडून बाकी सगळं झाकलेलं. ज्याला याची सवय आणि परवाना नाही त्यानं हे करू नये, मनापासून सांगतो, ४१५ व्होल्टच्या पॅनलमध्ये प्रोब घसरला तर समोर आगीचा गोळा येतो. बरं, तर आकडे असे आले, आरच्या जोडावर १२ मिलीव्होल्ट, बीच्या जोडावर १५, आणि वायच्या जोडावर २०६.

आता हिशोब करून बघा. ४९ अँपिअरला ०.२०६ व्होल्ट, गुणाकार केला की १० वॅट. एका स्क्रूच्या खाली, नखाएवढ्या जागेत, दहा वॅट सतत. निरोगी ६३ च्या ब्रेकरचा एक पोल एवढ्याच करंटला स्वतः तीन-साडेतीन वॅट गरम होतो, स्वतःच्याच उष्णतेच्या अंदाजावर त्याची पट्टी बेतलेली असते. आणि शेजारचा जोड तिला वरून तिप्पट उष्णता पाजतोय. पट्टी वाकणारच. ब्रेकर बरोबर काम करत होता, त्याला करंट जास्त वाटत होता कारण त्याला तापवणारा दुसराच कुणीतरी होता.

संध्याकाळी मालकांना बसवून सांगितलं की १०० चा एमसीसीबी परत द्या. ते म्हणाले, पण त्यानं पडायचं तर थांबेल की. थांबेल, हे मी कबूल केलं. पडायचं नक्की थांबेल. पण तिथून मागं जी १६ स्क्वेअरची केबल जाते ती हवेत साधारण ७० अँपिअरची, सोलापूरच्या मे महिन्यात ६५-६६ धरा. लोड ४९, ब्रेकर ६३, केबल ६६, हा क्रम असाच चढता पाहिजे. ब्रेकर असतो तो केबल वाचवायला. १०० चा ब्रेकर टाकला की उद्या एखादी तिसरी भट्टी जोडली आणि ९० अँपिअर गेले तर ब्रेकर हूं की चूं करणार नाही आणि केबल भाजत बसेल, आणि ती केबल मैद्याच्या पोत्यांच्या मागून जाते. आणि तो वायचा जोड तर तसाच राहील, ९७ चा ११० होईल, १३० होईल, फक्त सांगणारा कुणी राहणार नाही. मालक शांत झाले. त्यांच्या डोळ्यासमोर ती पोती आली असणार, माझ्याही आली होती.

रविवारचा धंदा त्यांना सोडता येत नव्हता म्हणून एकच भट्टी चालवायची आणि डिस्प्ले काउंटर बंद ठेवायचा असं ठरलं, सोमवारी बेकरीला सुट्टी, सोमवारी काम.

सोमवारी सकाळी आधी बंद करायचं काम, आणि इथं डीजी असल्यामुळं जास्त काळजी. नुसता मेन पाडून भागत नाही, लाईट गेली असं समजून कुणीतरी डीजी मारला आणि चेंजओव्हर फिरवला तर पॅनल परत जिवंत. मेन पाडला, त्याला कुलूप, चेंजओव्हर मधल्या जागी, त्यालाही कुलूप, डीजीच्या बॅटरीची निगेटिव्ह काढली, दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात आणि दारावर पाटी, काम चालू आहे, हात लावू नये. मग टेस्टर आधी जिवंत जागेवर, म्हणजे मेनच्या वरच्या बाजूला, लावून चालतोय हे बघितलं, मग पॅनलमध्ये फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ सगळीकडं तपासलं, मग परत जिवंत जागेवर. माझ्याबरोबर आयटीआयचा एक मुलगा येतो, त्याला हे तिसरं तपासणं नेहमी जास्तीचं वाटतं. मी त्याला सांगितलं, टेस्टर मधेच मेला असेल तर तो सगळीकडं बंदच दाखवणार ना बाळा.

वायची कोअर सोडवली आणि सगळी गोष्ट हातात आली. स्क्रू पाऊण फेऱ्यात मोकळा झाला, जोर लावावाच लागला नाही. १६ स्क्वेअरच्या कोअरमध्ये अॅल्युमिनियमच्या सात तारा असतात, त्यातल्या दोन काळ्या पडून कडक झालेल्या, तिथून पुढं इन्सुलेशन बोटभर लांबीचं तपकिरी आणि वाळलेल्या सालीसारखं, नख लावलं की तुकडा पडत होता. आणि कोअर आखूड. तिन्हीत सगळ्यात आखूड, तारेसारखी ताणलेली. कारण उघड होतं, प्रत्येक वेळी ब्रेकर बदलताना जळलेलं टोक कापलं, नवीन सोललं आणि तसंच नागडं अॅल्युमिनियम टर्मिनलमध्ये घालून हातानं आवळलं. लग (टोकावर दाबून बसवायचं धातूचं टोपण) नाही, पेस्ट नाही. दोनदा कापल्यावर लांबी संपली, मग ओढून बसवली, आणि ओढलेली कोअर स्क्रूखालून सतत बाहेर यायला बघते.

वीस दिवसांचं कोडं इथं सुटतं. अॅल्युमिनियम मऊ धातू, स्क्रूच्या दाबाखाली तो हळूहळू सरकतो, चपटा होत जातो, दाब कमी होतो. वर तापला की तांब्या-पितळेपेक्षा जास्त फुगतो आणि गार झाला की जास्त आकसतो, रोज भट्टी लागली की फुगणं आणि रात्री आकसणं, प्रत्येक फेरीत थोडा सैल. आणि हवेत उघडा पडल्याबरोबर त्याच्यावर ऑक्साइडचा पापुद्रा येतो जो वीज वाहून नेत नाही. सैल झाला की तापतो, तापला की अजून सैल होतो आणि अजून ऑक्साइड. नवा ब्रेकर बसवताना मिस्त्रीनं टोक ताजं सोललं आणि स्क्रू नव्यानं आवळला, म्हणून वीस दिवस जोड बरा होता. बरं वाटलं ते आवळण्यानं, नाव झालं नव्या ब्रेकरचं. दुसऱ्या वेळी कोअर आखूड आणि ताणलेली म्हणून दहा-बारा दिवसांतच. आधी काम केलेल्याला मी वाईट म्हणत नाही, फोन आला, ब्रेकर बदला म्हणाले, त्यानं बदलला, त्याला कुणी मिलीव्होल्ट मोजायला बोलावलंच नव्हतं. पण हे आपल्या सगळ्यांच्या हातून होतं म्हणूनच एवढं लांबड लावून लिहितोय.

इन्सुलेशन रेझिस्टन्सही घेतला, केबल दोन्ही टोकांनी सोडून ५०० व्होल्टच्या मेगरनं (इन्सुलेशन तपासायचं मीटर), फेज-फेज आणि फेज-अर्थ सगळं २०० मेगओहमच्या वर, म्हणजे केबल आतून शाबूत. ओव्हनवर मेगर मारताना त्याचा डिजिटल कंट्रोलर आधी सोडवायचा, नाहीतर तो जायचा.

केबल सोडलीच होती म्हणून मागच्या डीबीतलं दुसरं टोक बघितलं. आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त हादरवलं ते इथं. आयसोलेटरच्या आर फेजला तेच, नागडं अॅल्युमिनियम, स्क्रू सैल, टर्मिनलच्या प्लास्टिकवर पिवळट डाग पडायला सुरुवात. इथं १० वॅट नसतील झाले अजून, पण होणार होते. आणि आयसोलेटरला बायमेटल नसतो. तिथं काहीही ट्रिप झालं नसतं. ब्रेकरला सैल जोड ओळखता येत नाही, त्याचं ते कामच नाही, सैल जोडातून करंट तेवढाच जातो, उलट किंचित कमी. वायचा जोड पकडला गेला तो केवळ ब्रेकरच्या अंगालाच चिकटून होता म्हणून. तोच जोड बारा मीटर पलीकडं, मैद्याची धूळ बसलेल्या डीबीत असता तर पहिली खबर वासाची आली असती किंवा धुराची. मालकांना बोलावून तो डाग बॅटरीच्या उजेडात दाखवला. त्यानंतर त्यांनी ब्रेकरच्या कंपनीचं नाव परत काढलं नाही.

आता बदलाबदली. ब्रेकर मी बदललाच, कारण वाय पोलचं अंग तापून फुगलं होतं, खालच्या कडेला तपकिरी झालं होतं, आणि एवढे आठवडे भाजून निघालेल्या पट्टीच्या कॅलिब्रेशनवर मी विश्वास ठेवत नाही. पण तोच, ६३ अँपिअर, सी कर्व्ह, चार पोल, १० केए (शॉर्ट तोडायची क्षमता). रेटिंगला हात नाही लावला.

केबलची लांबी हा खरा प्रश्न होता. नशीब असं की मूळ केबल टाकणाऱ्यानं पॅनलखालच्या चरात एक वळसा सोडून ठेवला होता. कोण होता माहीत नाही, पण त्याचे आभार, तो वळसा नसता तर मधे जॉइंट मारावा लागला असता. ग्लँड, म्हणजे केबल पॅनलला घट्ट धरणारा भाग, सोडली, केबल फूटभर वर ओढली, नवीन ग्लँड, आर्मर नीट पसरून ग्लँडमध्ये धरलं आणि अर्थला जोडलं. जळकं सगळं कापून टाकलं, चमकदार धातू लागेपर्यंत. मग प्रत्येक कोअरला वायर ब्रश, ब्रश मारल्या मारल्या लगेच जॉइंटिंग कंपाउंड, कारण ऑक्साइडला मिनिटभरही लागत नाही, आणि बायमेटलिक पिन लग, ज्याचं नळकांडं अॅल्युमिनियमचं आणि पुढची पिन तांब्याची. तो लग १६ च्या डायनं षटकोनी क्रिम्प केला, पक्कडीनं दाबून नाही, ठोकून तर नाहीच. आता ब्रेकरच्या टर्मिनलमध्ये जातं ते तांबं, आणि अॅल्युमिनियमचा जोड आहे तो नळकांड्याच्या आत कायमचा दाबलेला. बारीकसा लग आहे, एका ब्रेकरच्या किमतीत कितीतरी येतात.

स्क्रू टॉर्क स्क्रूड्रायव्हरनं, या ब्रेकरच्या कागदावर ३.५ न्यूटन मीटर दिलंय तेवढाच. ज्यांच्याकडं टॉर्कचं हत्यार नाही त्यांनी एकदा घ्याच, हाताच्या अंदाजावर माझाही पंधरा वर्षं विश्वास होता, पण पहिल्यांदा टॉर्क लावून बघितलं तेव्हा कळलं की मी सकाळी जास्त आवळतो आणि संध्याकाळी कमी. आवळून झाल्यावर स्क्रू आणि टर्मिनलच्या अंगावरून पेंट मार्करनं एक सरळ रेघ मारली, स्क्रू फिरला की रेघ तुटते, नुसत्या डोळ्यांना दिसते. वरच्या बाजूचे बसबारचे स्क्रूही तपासले, न्यूट्रलही, न्यूट्रल लोक विसरतात आणि थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला तर सिंगल फेजची सगळी उपकरणं जातात, काउंटरचा फ्रीज आधी. मागच्या आयसोलेटरलाही चारही कोअरना तसेच लग.

पॅनलमध्ये ब्रेकरच्या दोन्ही बाजूला एकेक मॉड्यूलची जागा मोकळी सोडली, एसीचा ब्रेकर एक घर पलीकडं सरकवला. खाली आणि वर जाळीची झडप लावली. पॅनल दुसऱ्या भिंतीवर न्यायला पाहिजे हे सांगितलंय, तो खर्च ते दिवाळीनंतर करणार आहेत, तोपर्यंत पत्र्याखाली बाहेरून एक हिरवी नेट बांधून घेतली.

डिस्प्ले काउंटर वाय वरून बी वर घेतला, सहा अँपिअरचा आहे. आणि भट्टीघरात ओल्या हातानं वापरायच्या सॉकेटना ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की लाईन तोडणारा, शॉकपासून वाचवणारा) नव्हता, तो बसवून घेतला, हे मूळ तक्रारीत नव्हतं पण बघून तसंच सोडून यायला मन धजावलं नाही.

लोड टाकताना एकदम सगळं नाही. आधी मेन, मग रिकामा ब्रेकर, डीबीत फेज-न्यूट्रल व्होल्टेज तिन्हीकडं बघितलं, मिक्सरच्या फिरण्याची दिशा बघितली, केबल सुटली होती म्हणजे फेज सिक्वेन्स बघणं आलंच. मग एक भट्टी, तासानं दुसरी. मामा शेजारीच उभे होते, चार वाजता त्यांनी घड्याळाकडं बघितलं आणि मी मीटरकडं. आर ४१, वाय ४३, बी ४४. वायच्या जोडावर ८ मिलीव्होल्ट, म्हणजे वॅटच्या एक तृतीयांश. टेपवर गन मारली तर तिन्ही ५४ ते ५६ च्या मधे. साडेचार झाले, पाच झाले, मामांनी चहा मागवला आणि खटका जागेवरच होता.

पॅनलच्या दाराच्या आतून एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलंय, त्यावर तारीख, तिन्ही फेजचा करंट, तिन्ही जोडांचे मिलीव्होल्ट आणि आतलं तापमान. पुढं कुणीही मिस्त्री आला तरी त्याला कळावं की चांगला असताना आकडा किती होता, नाहीतर १५ चांगला की १५० चांगला हे त्याला कसं कळणार. पंधरा दिवसांनी मी स्वतः जाऊन मोजलं, वाय ८. मेच्या तिसऱ्या आठवड्यात, बाहेर ४२ आणि आत नेट-झडप लावूनही ४५ असताना, वाय ९, रेघ अखंड. ऑगस्टमध्ये गेलो तेव्हा मालकांनीच आधी दार उघडून कार्ड दाखवलं आणि विचारलं, "आमच्या विजापूर रोडच्या दुकानाच्या पॅनलला असं कार्ड नाही, तिथली केबल पण अॅल्युमिनियमचीच आहे, कधी येता?" त्याच दुपारी गेलो. तिथं चार जोडांपैकी बीचा जोड ७० मिलीव्होल्ट दाखवत होता आणि ब्रेकर अजून एकदाही पडलेला नव्हता.